शिडी आणि मनोरा : सामाजिक दर्जाच्या इंग्रजी शब्दजोड्या

मराठीत झोप ‘गाढ’ लागते, ओळख ‘दाट’ असते आणि अंधार ‘मिट्ट’ असतो. ‘मिट्ट ओळख’ असे कुणी म्हटले तर व्याकरण चुकत नाही, पण कान लगेच अडखळतो. शब्दांची ही ठरलेली सोबत कुणी कायदा करून ठरवलेली नसते. पिढ्यान् पिढ्या बोलून ती पडत जाते. इंग्रजीतही तसेच आहे. तिथे चहा ‘स्ट्राँग’ असतो आणि पाऊस ‘हेवी’. भाषाशास्त्रात याला ‘कोलोकेशन’ म्हणतात. या लेखात मी ‘शब्दजोडी’ हा साधा शब्द वापरणार आहे.

शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा विचार ठामपणे मांडणारे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्याच सुमारास हॅरल्ड पामर टोकियोत जपानी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी शब्दजोड्या गोळा करत होते, आणि १९३३ मध्ये त्यांचा त्यावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. परक्या मुलखात राहून, परक्या विद्यार्थ्यांना शिकवलेल्या या दोघांचे लक्ष शब्दांच्या सोबतीकडे गेले, याचे मला नवल वाटत नाही. घरातल्या माणसाला घराचा वास येत नाही; पाहुण्याला येतो.

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखा घेऊन शिकलो, हिशेबनिशी करून पोट भरले, आणि उरलेल्या वेळात जुने कोश वाचत गेलो. गेली वीसेक वर्षे मी शब्दजोड्यांच्या वह्या भरतो आहे. त्यांतली सर्वांत जाड वही सामाजिक दर्जाविषयीच्या इंग्रजी शब्दजोड्यांची आहे. माणूस वरचा, खालचा, मधला, चढलेला, उतरलेला, नवा, जुना असे जिथे जिथे इंग्रजी सुचवते, ते सारे त्या वहीत आहे. या लेखात तिच्यातली निवडक पाने वाचकांसमोर ठेवतो. इंग्रजी सुधारण्यासाठी कुणाला त्यांचा उपयोग झाला तर चांगलेच. माझा हेतू मात्र वेगळा आहे. या जोड्या आपण रोज वापरतो, त्यांची भाषांतरे करतो, आणि त्यांच्यासोबत दर्जाविषयीच्या काही समजुतीही आपल्या घरात आणतो. त्या समजुती तपासून पाहाव्यात, एवढेच.

उभे राहण्याची जागा

‘स्टेटस’ हा मुळात लॅटिन शब्द. त्याचा संबंध ‘उभे राहणे’ या क्रियेशी आहे. आपल्या ‘प्रतिष्ठा’ या शब्दातही ‘स्था’ धातू आहे आणि तोही उभे राहण्याचाच. दोन्ही धातू एकाच प्राचीन भाषाकुळातले, म्हणजे हे दोन शब्द दूरचे चुलतभाऊच. समाजात माणूस कुठे उभा आहे, असा दोघांचाही प्रश्न.

इंग्रजीत या शब्दासोबत कोणती क्रियापदे येतात ते पाहण्यासारखे आहे. वरचा दर्जा माणूस ‘एन्जॉय’ करतो, ‘गेन’ करतो किंवा ‘लूज’ करतो. दुसरे कुणी तो त्याला ‘अकॉर्ड’ किंवा ‘कन्फर’ करते, म्हणजे बहाल करते. खालच्या दर्जाला मात्र ‘एन्जॉय’ लागत नाही. ‘रँक’ हा शब्द सैन्यातला, म्हणून त्याची सोबतही सैनिकी. अधिकाराचा धाक दाखवणे म्हणजे ‘पुल रँक’, आणि सामान्य कार्यकर्ते म्हणजे ‘रँक अँड फाइल’, कवायतीतल्या आडव्या-उभ्या रांगा. ‘स्टेशन’ या शब्दाचा जुना अर्थ देवाने नेमून दिलेली जागा असा होता, त्यामुळे त्याच्याबरोबर नेहमी पायरी ओलांडल्याचा आरोप येतो. ‘आयडियाज अबव्ह हिज स्टेशन’ म्हणजे पायरी सोडून केलेल्या आकांक्षा.

मराठीत पाहा. ‘पत’ असते, वाढते आणि जाते. बाजारातली उधारी आणि समाजातला मान दोन्ही त्या एकाच शब्दात आहेत. ‘अब्रू’ मात्र वाढत नाही. ती राखावी लागते, झाकावी लागते, आणि गेली की जाते. ‘पायरी’ ओळखावी लागते. ‘ऐपत’ खिशाची असते आणि ‘लायकी’ काढली जाते. ‘तुझी लायकी काय?’ या वाक्यातले क्रियापद सोडून दिले तरी ऐकणाऱ्याला ते ऐकू येते.

‘स्टेटस’ शब्दाचा शास्त्रीय इतिहासही आपल्या कामाचा आहे. हेन्री मेन या कायदेपंडिताने १८६१ मध्ये ‘एन्शंट लॉ’ हा ग्रंथ लिहिला. प्रगत समाजांची वाटचाल ‘स्टेटस’कडून ‘कॉन्ट्रॅक्ट’कडे, म्हणजे जन्माने ठरलेल्या स्थानाकडून करारातून ठरणाऱ्या नात्याकडे होते, असा त्याचा सिद्धान्त. पुढच्याच वर्षी तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य म्हणून कलकत्त्याला आला. मेनच्या लेखी स्टेटस म्हणजे जन्माची बेडी. पंचाहत्तर वर्षांनी, १९३६ मध्ये, अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ राल्फ लिंटन याने त्याच शब्दाचे दोन भाग पाडले : ‘अस्क्राइब्ड स्टेटस’ म्हणजे जन्माने चिकटलेला दर्जा आणि ‘अचीव्ह्ड स्टेटस’ म्हणजे कमावलेला. आज घराघरांत ‘स्टेटस’ हा शब्द गाडी, फ्लॅट आणि मोबाइल यांच्या संदर्भात ऐकू येतो. एकाच शब्दाने बेडीपासून मोटारीपर्यंत प्रवास केला तो त्याच्या सोबत्यांच्या खांद्यावरून.

‘क्लास’ आला कुठून?

इंग्रजीत ‘क्लास’ हा शब्द फार जुना असला तरी समाजातील वर्ग या अर्थाने तो रुळला अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात. त्याआधी ‘रँक’, ‘ऑर्डर’, ‘डिग्री’, ‘एस्टेट’ असे शब्द चालत. इतिहासकार असा ब्रिग्ज यांनी १९६० मध्ये एका दीर्घ निबंधात हा बदल तपासला, आणि रेमंड विल्यम्स यांनी १९७६ च्या ‘कीवर्ड्स’ या पुस्तकात त्याचा आढावा घेतला. जुने शब्द जन्म सुचवत. गिरण्या आणि कारखाने आले, माणसे जन्माच्या जागेवरून हलली, आणि नव्या परिस्थितीला नवा शब्द लागला.

विल्यम्स यांनी दाखवून दिलेली एक विसंगती मला फार मोलाची वाटते. ‘अपर क्लास’, ‘मिडल क्लास’, ‘लोअर क्लास’ या जोड्यांतले पहिले पद उंची सांगते. ‘वर्किंग क्लास’ या जोडीतले पहिले पद उंची सांगत नाही, काम सांगते. दोन वेगळ्या मापांचे शब्द एकाच पट्टीवर बसवले गेले. ‘वर्किंग क्लास’ काम करतो, तर मग वरचे दोन वर्ग काय करतात, असा प्रश्न ही जोडी आपोआप विचारते. कामगार चळवळीने हीच जोडी अभिमानाने उचलली यात आश्चर्य नाही. ‘लोअर क्लास’ म्हणून घेण्यात कसला अभिमान?

मराठीत ‘मध्यमवर्ग’ हा सरळ अनुवाद आला, ‘कामगारवर्ग’ही आला. पण या अनुवादांच्या आधीपासून आपल्याकडे एक शब्द होता : ‘पांढरपेशा’. मोलस्वर्थच्या कोशात तो सापडतो. इंग्रज अमदानीतल्या कोकणच्या महसुली नोंदींतही ‘पांढरपेशे’ आहेत. स्वतः नांगर न धरणारी, मजूर लावून शेती करणारी वरच्या जातींतली ही कुळे. त्यांना साऱ्यात सवलत मिळे. अमेरिकेत ‘व्हाइट कॉलर’ ही जोडी विसाव्या शतकात रुळली. सी. राइट मिल्स यांचे त्या नावाचे प्रसिद्ध पुस्तक १९५१ चे आहे. आज आपण ‘व्हाइट कॉलर’चा अनुवाद म्हणून ‘पांढरपेशा’ वापरतो आणि दोन्ही शब्दांतला पांढरा रंग पाहून समाधान मानतो. पण अमेरिकन पांढरा रंग सदऱ्याच्या कॉलरचा आहे. तो नोकरीबरोबर अंगावर चढतो आणि नोकरी गेली की उतरतो. आपल्या पांढरपेशाचा रंग ‘पेशा’चा आहे, आणि आपल्याकडे पेशा बराच काळ जन्मासोबत येत होता. या अनुवादात रंग आला आणि जात मागे राहिली.

उलटा प्रवास केलेला शब्द म्हणजे ‘उच्चभ्रू’. हा ‘हायब्राउ’ या इंग्रजी शब्दाचा शब्दशः अनुवाद. कपाळ उंच म्हणजे मेंदू मोठा, असे सांगणाऱ्या कवटीशास्त्राच्या भाबड्या समजुतीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द वर आला. त्यापुढे ‘लोब्राउ’ झाला, आणि १९२५ मध्ये ‘पंच’ या विनोदी नियतकालिकात ‘मिडलब्राउ’ची थट्टा आली. इंग्रजीत आजही ‘हायब्राउ’ची सोबत पुस्तके, नाटके, संगीत आणि समीक्षा यांच्याशीच आहे. मराठीत मात्र ‘उच्चभ्रू’ कुणाच्या सोबत दिसतो? ‘उच्चभ्रू वस्ती’, ‘उच्चभ्रू सोसायटी’, ‘उच्चभ्रू घरातील तरुण’. बातमी चोरीची असो की अपघाताची, उच्चभ्रू वस्ती म्हणजे महागडी वस्ती. बुद्धीच्या उंचीसाठी आलेला शब्द आपण पैशाच्या उंचीला लावला. तिथल्या रहिवाशांनी काय वाचले आहे, हे कुणी विचारत नाही.

नम्र गरिबी, आळशी श्रीमंती

आता पैशाकडे वळू. इंग्रजीत गरिबी ‘अब्जेक्ट’ असते, ‘ग्राइंडिंग’ असते, आणि क्वचित ‘जेंटील’ असते. ही शेवटची सभ्य गरिबी. घरात चूल थंड, पण खिडकीला पडदा धुतलेला. आपल्याकडे तिला ‘झाकली मूठ’ म्हणतात. श्रीमंत ‘फिल्दी’ असतात, ‘आयडल’ असतात. पैसा ‘ओल्ड’ किंवा ‘न्यू’ असतो, आणि नव्या पैशाला नाव ठेवायला इंग्रजांनी फ्रेंच शब्द उसने घेतले, ‘नूवो रीश’. मराठीत त्याचा ‘नवश्रीमंत’ झाला आणि त्यातला तुच्छतेचा सूर शाबूत राहिला. त्याच्या समोर आपला ‘गर्भश्रीमंत’ उभा आहे. इंग्रजी बाळ तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मते, कारण तिकडे बारशाला चांदीचा चमचा देण्याची रीत होती. मराठीत येताना तो चमचा सोन्याचा झाला. रीत आपली नव्हती, त्यामुळे धातू बदलायला कुणाची हरकतही नव्हती.

गरिबांचेही दोन प्रकार इंग्रजीने पाडले : ‘डिझर्विंग पुअर’ आणि ‘अनडिझर्विंग पुअर’. मदतीला पात्र गरीब आणि अपात्र गरीब. १८३४ च्या नव्या गरीब कायद्याने अंगाने धडधाकट गरिबाला वर्कहाउसमध्ये पाठवण्याचे धोरण घेतले, आणि हा भेद इंग्रज मनात आणखी पक्का बसला. बर्नार्ड शॉ यांच्या १९१३ च्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकातला डूलिटल हा कचरेवाला आपण ‘अपात्र गरीब’ असल्याचे छातीठोकपणे सांगतो आणि या शब्दजोडीचा फुगा फोडतो. पात्र गरिबाइतकीच भूक अपात्र गरिबालाही लागते, असे त्याचे म्हणणे. पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’त हे नाटक मराठीत आणले तेव्हा उच्चारांवरून माणसाचा दर्जा ठरवण्याची इंग्रजी खोड आपल्याकडे सहज रुजली. मुळात ती आपलीही खोड होतीच.

उच्चारांप्रमाणे शब्दनिवडीवरूनही दर्जा कळतो, हे बर्मिंगहॅमचे प्राध्यापक ॲलन रॉस यांनी १९५४ मध्ये हेलसिंकीच्या एका भाषाशास्त्रीय नियतकालिकात दाखवले. इंग्रज उच्च वर्गाची भाषा त्यांनी ‘यू’ ठरवली आणि बाकीच्यांची ‘नॉन-यू’. पुढच्या वर्षी नॅन्सी मिटफर्ड यांनी ‘एन्काउंटर’ मासिकात यावर लेख लिहिला आणि इंग्लंडभर चर्चा उसळली. त्या यादीतली गंमत अशी की वरचा वर्ग साधे शब्द वापरतो आणि वर चढू पाहणारा नाजूक शब्द. श्रीमंताला उच्चकुलीन माणूस सरळ ‘रिच’ म्हणतो; ‘वेल्दी’ म्हणणारा मधल्या वर्गातला. आपण शाळेत ‘वेल्दी’ हा अधिक भारदस्त शब्द म्हणून शिकलो होतो.

आमच्या गावातल्या काही मुला-मुलींना मी इंग्रजी मुलाखतीची तयारी करून देतो. एका मुलीने स्वतःची ओळख लिहून आणली होती. तिच्यात वाक्य होते, ‘आय बिलाँग टू अ लो फॅमिली’. तिला म्हणायचे होते की घरचे उत्पन्न कमी आहे. मी तिला सांगितले, की ‘लो’च्या सोबत जेव्हा ‘बर्थ’, ‘कंपनी’, ‘फॅमिली’ असे शब्द येतात तेव्हा तो उत्पन्न सांगत नाही, हलकेपणा सांगतो. ‘लो-इन्कम फॅमिली’ म्हण, म्हणजे पैशाबद्दलच बोलणे होईल. तिने विचारले, “सर, मग ‘हम्बल बॅकग्राउंड’ लिहू का? पुस्तकात तसंच दिलंय.” मी तिला माझी वही दाखवली. ‘हम्बल ओरिजिन्स’, ‘हम्बल बिगिनिंग्ज’, ‘हम्बल बॅकग्राउंड’ या जोड्यांपुढे बहुतेक वेळा ‘रोझ फ्रॉम’ असते. म्हणजे ज्याने पुढे मोठे यश मिळवले त्याच्या मागच्या दिवसांना हा शब्द लागतो. वही वाचून ती म्हणाली, “पण सर, मी अजून पोचलेच कुठं?” शेवटी तिने वडील काय काम करतात ते एका साध्या वाक्यात लिहिले. मला ते सर्वांत नेमके वाटले. वडिलांच्या कामाला ‘हम्बल’ हे विशेषण लावण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती.

चढण्याची भाषा

माझ्या वहीतली सर्वांत लांब यादी चढण्या-उतरण्याची आहे. ‘सोशल लॅडर’ ही शिडी आहे, तिच्यावर ‘सोशल क्लायंबर’ चढतो. समाजशास्त्रज्ञ पितिरिम सोरोकिन यांनी १९२७ मध्ये ‘सोशल मोबिलिटी’ हे पुस्तक लिहिले, त्यानंतर ‘अपवर्ड मोबिलिटी’ ही जोडी अभ्यासकांच्या भाषेत स्थिरावली. लग्नानेही माणूस वर जातो किंवा ‘मॅरी बिनीथ’ म्हणजे खाली उतरतो. दिवस फिरलेला माणूस ‘कम डाउन इन द वर्ल्ड’. शेजाऱ्याच्या बरोबरीची धडपड म्हणजे ‘कीपिंग अप विथ द जोन्सेस’. हे नाव पॉप मोमंड या अमेरिकन चित्रकाराने १९१३ मध्ये सुरू केलेल्या हास्यचित्रमालेचे. त्या मालेतले जोन्स कुटुंब वाचकाला कधी दिसत नाही; दिसते ती त्यांच्या बरोबरीला येऊ पाहणाऱ्या शेजाऱ्यांची दमछाक. ‘पेकिंग ऑर्डर’ कोंबड्यांच्या खुराड्यातून आली. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास कोणती कोंबडी कुणाला टोचते याचा क्रम नोंदला, आणि तो शब्द पुढे कचेऱ्यांत पोचला.

‘ग्लास सीलिंग’ ही तुलनेने नवी जोडी. मॅरिलिन लोडन यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका परिसंवादात ती वापरली. स्त्रियांना वरची जागा दिसते पण डोके काचेच्या छताला आपटते, हा तिचा अर्थ. १९९१ च्या कायद्याने अमेरिकेत त्या नावाचा सरकारी आयोगही नेमला गेला.

या सगळ्या जोड्यांत एक गृहीत धरलेले आहे. शिडी आहे. ती उंच असेल, निसरडी असेल, वर काच असेल, पण आहे. अपयश आले तर चढणाऱ्याचा पाय घसरला, असेच ही भाषा सुचवते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक काढला. त्यातल्या अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, आणि या मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. खालचा कितीही लायक असो आणि वरचा कितीही नालायक. आंबेडकरांचे शिक्षण न्यूयॉर्क आणि लंडनला झाले होते, दर्जाची इंग्रजी भाषा त्यांना पुरती अवगत होती. तरीही मराठीत लिहिताना त्यांनी शिडीची तयार उपमा उचलली नाही. शिडीचे नसणे हाच त्यांच्या उपमेचा गाभा आहे. वर्ग आणि जात यांतला फरक समजावायला मला याहून चांगले साधन सापडलेले नाही.

इंग्रजीने आपल्याकडून काय नेले

उसनवारी एकतर्फी झालेली नाही. ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीज ‘कास्टा’वरून आला. मूळ अर्थ वंश, पैदास. सोळाव्या शतकात गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगिजांनी इथल्या जातींना तो लावला, आणि त्यांच्यामागून तो इंग्रजीत गेला. एकोणिसाव्या शतकात ‘लूज कास्ट’ ही जोडी इंग्रज स्वतःच्या समाजाबद्दल वापरू लागले. एखादा उमराव दुकानदारी करू लागला, की त्याने ‘कास्ट’ गमावली. आपल्या ‘जात बाटणे’ या शब्दप्रयोगाची ही इंग्रजी बहीण. मिश्र वंशाच्या माणसांसाठी ‘हाफ-कास्ट’ हा हिणकस शब्दही साम्राज्यभर पसरला. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६० मध्ये न्यू इंग्लंडच्या जुन्या विद्वान घराण्यांना ‘ब्राह्मिन कास्ट’ म्हटले. ‘बोस्टन ब्राह्मिन’ ही जोडी आजही कौतुकाने वापरली जाते.

मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावरचा शब्द परदेशी गेला तेव्हा कौतुकाचा झाला. खालच्या मजल्यावरच्या शब्दाचे काय झाले? तमिळ ‘परैयर’ या जातीच्या नावावरून इंग्रजीने ‘परायाह’ बनवला. आज ‘सोशल परायाह’ म्हणजे समाजाने वाळीत टाकलेला आणि ‘परायाह स्टेट’ म्हणजे जगाने बहिष्कृत केलेले राष्ट्र. जिवंत माणसांच्या जातीचे नाव जगभरच्या मथळ्यांत शिवीसारखे छापले जाते. त्या जातीतल्या रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ मध्ये मद्रासला पत्र काढले, आणि त्याचे नाव मुद्दाम ‘परैयन’ असे ठेवले. ज्या नावाने हिणवतात तेच छातीवर लावायचे, ही त्यांची भूमिका.

नाव कोण देतो?

हेच श्रीनिवासन पुढे गोलमेज परिषदेत आंबेडकरांचे सहप्रतिनिधी होते, आणि तिथे या दोघांनी एका शब्दजोडीवर लेखी हरकत घेतली. ती जोडी म्हणजे ‘डिप्रेस्ड क्लासेस’. इंग्रज सरकार आणि समाजसुधारक दोघेही ती वापरत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या संस्थेचे इंग्रजी नाव ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ होते. मराठीत ती ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’. शिंद्यांचा हेतू निर्मळ होता आणि कष्ट मोठे. पण ‘निराश्रित’ म्हणजे ज्याला आसरा नाही तो. आसरा कुणी काढून घेतला, हे त्या शब्दात येत नाही. १९२४ मध्ये आंबेडकरांनी आपल्या संस्थेला ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ हे नाव दिले. ‘बहिष्कृत’ म्हटले की बहिष्कार घालणारा कुणीतरी आहे हे आपोआप सिद्ध होते.

१९३१ च्या नोव्हेंबरमध्ये दिलेल्या पुरवणी निवेदनात आंबेडकर आणि श्रीनिवासन यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव अपमानास्पद असल्याचे म्हटले आणि ‘नॉन-कास्ट हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’ किंवा ‘नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू’ अशी पर्यायी नावे सुचवली. त्यांतली शेवटची दोन नावे इंग्लंडच्या धर्मइतिहासातली. तिथे ती नावे प्रस्थापित चर्च नाकारणाऱ्यांची होती. ‘डिप्रेस्ड’मधला माणूस दबलेला आहे, ‘प्रोटेस्टंट’मधला नकार देणारा आहे. ही नावे स्वीकारली गेली नाहीत. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ ही जोडी आणली. शेड्यूल म्हणजे यादी, अनुसूची. या नावात तुच्छता नाही आणि दयाही नाही. अमुक जातीचे नाव अमुक यादीत आहे, एवढेच ते सांगते. कोरडेपणा हा कधीकधी भाषेचा मोठा गुण ठरतो.

त्यानंतर ‘दलित’ आला. ‘दळणे’, ‘दलन’ यांच्याशी नाते सांगणारा हा शब्द, अर्थ भरडलेला, चिरडलेला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि मराठी साहित्याच्या बळावर हा शब्द देशभर गेला. आज तो ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात आहे, भाषांतर न होता, जसाच्या तसा. त्याची इंग्रजी सोबत पाहा : ‘दलित लिटरेचर’, ‘दलित राइट्स’, ‘दलित असर्शन’. ‘परायाह’ शब्द इंग्रजीत गेला तो वरच्यांच्या तोंडून. ‘दलित’ गेला तो ज्यांचे नाव आहे त्यांच्याच लेखणीतून, आणि म्हणून त्याची सोबत वेगळी आहे.

आपल्या घरच्या जोड्या

इंग्रजी वहीची पाने उलटताना मराठी वही बंद ठेवता येत नाही. आपल्या वधू-वर जाहिराती म्हणजे दर्जाच्या शब्दजोड्यांचे चालते-बोलते संग्रहालय. घराणे ‘घरंदाज’ असते, कुटुंब ‘सुस्थितीतील’ असते, मुलगी ‘उच्चशिक्षित’ असते आणि स्थळ ‘अनुरूप’ हवे असते. भारतीय इंग्रजीने इथे स्वतःची एक जोडी घडवली, ‘कास्ट नो बार’. मराठीत ती ‘जातीची अट नाही’ किंवा ‘आंतरजातीय चालेल’ अशी येते. आणि अनेकदा तिच्याच पुढे कंसात छापलेले असते : ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व’.

‘क्षमस्व’ हा फार सभ्य शब्द आहे. सभेला उशीर झाला, पत्राला उत्तर द्यायचे राहिले, ताटात काही कमी पडले, की आपण तो वापरतो. त्याची नेहमीची सोबत स्वतःच्या उणिवेशी असते. या जाहिरातीत तो दुसऱ्याच्या जन्माशेजारी बसवला आहे. मनोऱ्याच्या चार मजल्यांत जिना केला, तळमजल्याला दार ठेवले नाही, आणि त्या भिंतीवर नम्र अक्षरांत सूचना लावली. इंग्रजांच्या ‘अपर’, ‘लोअर’, ‘यू’, ‘नॉन-यू’ या सगळ्या यादीत इतके सभ्य आणि इतके निष्ठुर शब्द मला एकत्र सापडलेले नाहीत.

शब्द बदलले की समाज बदलतो, असा माझा दावा नाही. हिशेबनिसाला एवढे कळते की वहीतला आकडा खोडल्याने देणे फिटत नाही. पण देणे किती आहे आणि कुणाचे आहे, हे वही वाचल्याशिवाय कळत नाही. ती जाहिरात मी वहीत चिकटवून ठेवली आहे. तिच्या शेजारच्या पानावर ‘लूज कास्ट’ आणि ‘सोशल परायाह’ आहेत.